समंधाचे देणे

माझ्या वडिलांची एक वही माझ्यापाशी आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार खतावणी ठेवतात तशी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आमच्या शिरोळ तालुक्यात घराघरांत शिरला, तेव्हा ती माळ्यावर होती म्हणून वाचली. तरी ओल लागून काही पानांची शाई फुटली आणि काही पाने एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. जी वाचता येतात त्यांत १९६७ सालच्या एका मुक्कामाचा हिशेब आहे. मुक्काम गाणगापूरचा, एकेचाळीस दिवसांचा. डाव्या बाजूला खर्च: मिरजेहून बार्शी लाइटच्या अरुंद गाडीने कुर्डुवाडी, तिथून सोलापूर, गाणगापूर रोड स्टेशनपासून पुढचे भाडे, खोली, तांदूळ, रॉकेल, कापूर. उजव्या बाजूला, जिथे जमा लिहायची तिथे, वडिलांनी त्या त्या दिवशी ‘ते’ काय बोलले ते लिहून ठेवले आहे.

‘ते’ म्हणजे माझ्या आत्तीच्या अंगात जे होते ते.

आत्ती वडिलांहून मोठी. नदीकाठच्या एका गावात दिलेली. पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. नंतरची मुलगी चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्यानंतर आत्तीने बोलणे सोडले. स्वयंपाक करी, गोठा काढी, पण तोंडातून शब्द नाही. मग रात्री उठून विहिरीकडे जाऊ लागली. सासरच्यांनी बाहेरचे काहीतरी आहे असे ठरवले. आधी अमावास्या-पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला नेले. तिथे ती नुसती पायऱ्यांवर बसून राही. मग गाणगापूर.

इतिहासाची कसलीही पदवी माझ्याकडे नाही. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी जुनी पुस्तके वाचली, मोडी शिकलो, वाड्यांतली दप्तरे उलगडली. १९९८ साली मी एका छोट्या अंकात ‘भूतबाधा : एक ढोंग’ अशा मथळ्याचा लेख लिहिला होता. तरुणपणीचा जोर होता. तो लेख मी हौसेने घरी वाचून दाखवला. आत्ती माजघराच्या दारात बसून तांदूळ निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “आरं, भूत हुतं का न्हाई ते तू बघ बाबा, तू शिकल्याला. पन त्या दिवशी मामंजी माज्या म्होरं खाली बसलं आनि हात जोडून इचारलं, काय पायजे म्हनून. त्येच्या आदी कदी इचारलं न्हवतं. नंतर बी न्हाई.” आणि पुन्हा सुपात बघू लागली. त्या लेखाची एक प्रत माझ्याकडे आहे. ती मी कुणाला देत नाही.

आत्ती २००९ साली वारली. वही माझ्या हाती आली ती त्यानंतर, वडिलांची ट्रंक आवरताना. हा लेख त्या वहीला समजून घेण्याचा प्रयत्न आहे. भुते असतात असे मला आजही वाटत नाही. पण भुताशी बोलून माणसाचे मन हलके करण्याची एक जुनी, नियम असलेली रीत आपल्याकडे होती, आणि त्या रीतीचा इतिहास ढोंग या एका शब्दात मावत नाही, हे मला उशिरा कळले.

गंमत अशी की ज्या ग्रंथात या रीतीचे सर्वांत सविस्तर वर्णन आहे, त्यातली ती गोष्ट आमच्याच शिरोळची आहे. सरस्वती गंगाधराच्या गुरुचरित्राचा विसावा अध्याय. पारायण करणाऱ्यांना तो पाठ असतो. पण पाठ असलेली गोष्ट आपण वाचत नाही, तसे काहीसे झाले आहे. शिरोळच्या एका ब्राह्मणाच्या बायकोला मुले होत आणि मरत. पाच गेली. तिला सांगण्यात आले की मागल्या जन्मी तू शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभराचे द्रव्य घेतलेस आणि परत केले नाहीस. त्याने त्या पैशासाठी जीव दिला, तो पिशाच झाला आणि तोच तुझी मुले नेतो. उपाय काय, तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराची सेवा, आणि त्या गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर देऊन मृताची उत्तरक्रिया.

बाई म्हणते, देहाने सेवा करीन, पण शंभर कुठून आणू? ती सेवा सुरू करते. तिसऱ्या दिवशी स्वप्नात तो पिशाच येऊन पैसे मागतो, मारायला धावतो, ती औदुंबराकडे पळते. तिथे श्रीगुरू उभे. इथून पुढचा प्रसंग मी हिशेबनिसाच्या नजरेने अनेकदा वाचला आहे. पिशाच गुरूंना बजावतो की माझे देणे बुडवणाऱ्या बाईची बाजू संन्याशाने घेऊ नये. त्याचा दावा खोटा आहे असे गुरू म्हणत नाहीत. देणे आहे हे धरूनच ते तडजोड घालतात: हिच्याने जेवढे देववेल तेवढे घे, त्यातून तुझी क्रिया होईल, तुला गती मिळेल, आणि तरीही हिला छळलेस तर मात्र मी शिक्षा करीन. पिशाच कबूल होतो. शंभराचा आकडा सुटतो, देणे सुटत नाही. बाई ऐपतीप्रमाणे देते, दहा दिवसांची क्रिया होते, नंतर स्वप्नात तिच्या ओटीत दोन नारळ पडतात.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि म्हणूनच मला ती खरी वाटते. दोन मुलगे होतात. थोरल्याच्या मुंजीची तयारी चाललेली असताना तो धनुर्वाताने जातो. बाई प्रेत उचलू देत नाही. गावकरी समजावतात, एक ब्रह्मचारी येऊन देह नाशवंत असल्याचा उपदेश करतो. ती त्याला उलट विचारते की दिलेला वर असा फुकट जाणार असेल तर भरवसा कशावर ठेवायचा? एकविसाव्या अध्यायात ती ते प्रेत घेऊन औदुंबरापाशी येते आणि पादुकांवर डोके आपटते. पुढे मूल उठते, तो ग्रंथाच्या श्रद्धेचा भाग झाला. मला थांबायचे आहे ते आधीच्या भागावर. कुठल्याही उपदेशाने न शमणारे आईचे दुःख या ग्रंथाने दोन अध्याय चालवले आहे. तिला कुणी गप्प बसवू शकत नाही आणि ग्रंथही तिला गप्प बसवत नाही. अनेक घरांत बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक होता, अजूनही काही ठिकाणी आहे. आमच्याकडेही होता. आपल्याच गावच्या या बाईची गोष्ट आत्तीने फक्त पुरुषांच्या तोंडून ऐकली.

या पिशाचाला लोक समंध म्हणतात. शब्दाचे मूळ ‘संबंध’ या शब्दाशी जोडले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. ज्याची उत्तरक्रिया झाली नाही, ज्याची वासना किंवा येणे अडकून राहिले, तो समंध. म्हणजे तो परका नसतो. त्याचे आपल्याशी काहीतरी राहिलेले असते.

मराठी मुलखातल्या भुतांची याद्या करण्याचे काम इंग्रजी अमदानीत झाले. त्यातले एक नाव आपल्याला वेगळ्याच कारणाने माहीत आहे: नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकच्या नाट्यगृहात गोळ्या घातल्या. या जॅक्सनने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची उत्तरे मागवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने ती संपादित केली. कोकणचा खंड १९१५ साली निघाला. त्या मास्तरांनी, बहुधा डोळे मिचकावत, बहुधा थोडे घाबरतही, आपापल्या गावची भुते नोंदवली आहेत. मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला मुलगा तो मुंजा, पिंपळावर राहणारा. पाण्यात बुडून गेलेला गिऱ्हा. बायकांची यादी तर फारच बारीक आहे. नवरा जिवंत असताना गेलेली जखीण, विधवा म्हणून गेलेली लावसट, बाळंतपणात किंवा त्याच्या आगेमागे गेलेल्या हडळ आणि अळवंत.

ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा हसलो होतो. वही वाचल्यानंतर पुन्हा काढली, तेव्हा ती निराळी दिसली. म्हातारपणी, नातवंडे पाहून, अंथरुणावर गेलेल्याचे भूत या यादीत जवळजवळ नाही. सगळी अर्धवट राहिलेली आयुष्ये आहेत. बाई कुठल्या टप्प्यावर तुटली, लग्नाच्या अलीकडे की पलीकडे, बाळाच्या अलीकडे की पलीकडे, यावरून तिचे नाव ठरते. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदवहीत ज्या बायका एका आकड्यात संपल्या, त्यांचे कारणांसह वर्गीकरण गावाने भुतांच्या नावांनी केलेले होते.

आणखी एक शब्द जुन्या नोंदींत सापडतो. ज्याला भुताने धरले त्या माणसाला ‘झाड’ म्हणत. भुते झाडावर राहतात, म्हणून ज्याच्यावर ती येऊन बसली तोही झाड. झाडाला बोलते करायचे, हे जाणत्याचे मुख्य काम. तू कोण, कुठला, का आलास, काय पाहिजे, काय घेऊन जाशील: हे प्रश्न ठरलेले. यातले शेवटचे दोन महत्त्वाचे. राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीला हेच काम कोर्टाच्या भाषेत चालते. तिथे दरखास्त असते, पेशी असते, भूत बयान देते. सुधीर कक्करांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. आपल्याकडची भाषा कोर्टापेक्षा सावकारीची आणि भाऊबंदकीची आहे. देणे, वाटा, मान, गाऱ्हाणे.

गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ. नृसिंह सरस्वतींचे अखेरचे दीर्घ वास्तव्य तिथले, निर्गुण पादुका तिथल्या. दुपारी माधुकरी मागायची, संगमावर स्नान करायचे, आणि आरतीच्या वेळी मठात उभे राहायचे. ज्यांना बाधा आहे ते आरतीचा नगारा सुरू झाला की घुमू लागतात. खांबांना लटकतात, वर चढतात, देवाला शिव्या देतात. जाऊन आलेले लोक हे भीतीने सांगतात. मी स्वतः तीनदा गेलो. मला भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट जाणवली: कुणी त्यांना थांबवत नाही. बाई किंचाळते, केस मोकळे सोडते, पुरुषांच्या गर्दीत सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, आणि आजूबाजूचे आरती म्हणत राहतात. घरी हे केले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. तिथे ते भुताच्या खात्यावर पडते.

वहीत सुरुवातीचे नऊ दिवस उजवी बाजू कोरी आहे. दहाव्या दिवशी दोन शब्द: “थोडी घुमली.” पुढे रोज काही ना काही. सोळाव्या दिवसापासून नाव फुटू लागले. बोलणारी आत्तीच्या सासऱ्यांची थोरली बहीण होती. ती लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिच्या पुतळ्यांच्या माळेवर घरच्या विहिरीचे काम झाले होते, ती माळ परत करायचे बोलणे होते, ते राहून गेले, आणि एके दिवशी ती त्याच विहिरीत मिळाली. आत्तीने तिला कधी पाहिलेले नव्हते. पण त्या घरात नांदणाऱ्या सुनेला अशा गोष्टी माहीत नसतात असे कोण म्हणेल? चुलीपाशी सगळे कळते. फक्त बोलले जात नाही.

एकविसाव्या दिवसाची नोंद मी इथे जशीच्या तशी देतो. “आज मोठ्याने बोलली. म्हणाली माझं सोनं खाल्लं आता माझी पोर खाल्ली.” ‘माझी पोर’ या दोन शब्दांखाली वडिलांनी रेघ ओढली आहे. थोरलीला पोर नव्हती. पोर आत्तीची. घटसर्प झाला तेव्हा उसाची तोड चालू होती, गाडी-बैल मोकळे नव्हते, आणि मिरजेच्या दवाखान्यात न्यायला चार दिवस उशीर झाला, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते आणि कुणी उच्चारत नव्हते. आत्तीला ते स्वतःच्या तोंडाने म्हणता आले नसते. सून सासऱ्याला तसे म्हणू शकत नव्हती. थोरली म्हणू शकत होती, ती त्यांची मोठी बहीण होती.

वडिलांनी तार केली. खर्चाच्या बाजूला तारेचे पैसे आहेत. सव्विसाव्या दिवशी सासरे आले. त्यांचे काय बोलणे झाले त्या पानाची शाई फुटली आहे. “बसले”, “कबूल” आणि “सर्वपित्री” एवढेच शब्द लागतात. बाकी आत्तीने त्या दिवशी दारात बसून सांगितले तेच. ठरले काय, ते मात्र पुढच्या पानांवरच्या खर्चावरून नक्की कळते. सोन्याच्या पुतळ्या परत करणे आता त्या घराच्या ऐपतीबाहेर होते. त्याऐवजी थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा आणि सर्वपित्री अमावास्येला तिचे वेगळे पान वाढायचे, एक बांगड्यांचा जोड ठेवायचा. टाक जयसिंगपूरच्या सोनाराकडून, घडणावळीसह साडेआठ रुपये.

शिरोळच्या बाईचे शंभर जसे ऐपतीइतके झाले, तशीच ही माळ साडेआठ रुपयांच्या टाकावर तुटली. वडिलांनी गुरुचरित्र डोळ्यांपुढे ठेवून हे केले असेल का? पारायणे तर ते करत. पण मला वाटते त्यांना तशी गरज नव्हती. वाकडे वागलेल्या घराने मेलेल्या माणसाशी तडजोड कशी करायची याचा साचा इथल्या लोकांच्या हाताशी होता, आणि ग्रंथाने तो लोकांकडून घेतला की लोकांनी ग्रंथाकडून, हे ठरवणे कठीण आहे.

वहीतली एक नोंद मला कित्येक वर्षे उलगडत नव्हती. तेविसावा दिवस. “आज अक्काऐवजी आईच घुमली. अक्का बघत बसली. संध्याकाळी अक्का जेवली.” माझी आजी सोबतीला गेली होती, तिला कसलीही बाधा नव्हती. मग ती का घुमली? गर्दीत असताना लागण होते तसे काही, असे मी समजत होतो.

त्याचे उत्तर मला फलटणहून मिळाले. फलटण हे महानुभावांचे मोठे ठिकाण. व्हिएडा स्कल्टन्स या ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या महानुभाव मंदिरात राहणाऱ्या पीडित कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे की मंदिरात घुमणाऱ्या पुष्कळ बायका मुळात आजारी नव्हत्याच. त्या कुणाला तरी घेऊन आलेल्या होत्या, बहुधा मुलाला. त्या देवाला विनवत की याची पीडा माझ्यावर घाल. मग त्या घुमत, आणि घरच्यांना वाटे की याच्यावरचे ओझे तेवढे उतरले. बाईंनी याकडे टीकेनेही पाहिले आहे: घरातले दुखणे शेवटी बाईनेच का ओढून घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

तो लेख एका प्राध्यापक मित्राने झेरॉक्स करून दिला, मी शब्दकोश घेऊन चार रविवार वाचला, आणि तेविसाव्या दिवसापाशी येऊन थांबलो. आजीने मागून घेतले होते. लेकीच्या अंगातले आपल्या अंगात. आणि लेकीने, बहुधा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, स्वतः प्रेक्षक होऊन पाहिले की आपल्यासाठी कुणी असे तडफडते आहे. मग ती जेवली. त्या दिवशीच्या डाव्या बाजूला गूळ आणि तूप आहे, जे आधी कुठे नाही.

जॉन स्टॅन्ली या अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या अंगात येण्याविषयी लिहिताना देवाचे अंगात येणे आणि भुताची बाधा यांतला फरक स्पष्ट केला आहे. तो निबंध झेलियट आणि बर्नसन यांनी संपादित केलेल्या १९८८ च्या ग्रंथात आहे. देवाचे येणे मागून घेतलेले, बाधा नको असताना आलेली. मला वाटते आजीचे घुमणे या दोहोंच्या मधले आहे. ती मागून घेतलेली बाधा आहे. फलटणच्या आयांचेही तसेच.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी जुन्या रीतीची भलामण करतो आहे. वहीत पुढचीही पाने आहेत. १९७१ साली आत्तीला पुन्हा त्रास झाला. या वेळी गाणगापूरला कुणी नेले नाही. उसाचा हंगाम, पैसा नाही. शेजारच्या गावातल्या एका देवऋषाला बोलावले. त्याचे नाव वहीत आहे, मी देत नाही. त्या पानावरचा खर्च असा: देवऋषी २१ रुपये, कोंबडा, लिंबे, लाल मिरच्या पावशेर. उजवी बाजू कोरी. त्या दिवशी कुणी काही बोलले नाही, किंवा बोलले ते लिहावेसे वडिलांना वाटले नाही. आत्तीच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला एक डाग होता. लहानपणी मी विचारले होते, ती म्हणाली होती, चुलीचा. चुलीचा चटका तिथे बसत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, केस उपटणे याविषयी आहे. ती वाचताना मला मनगटावरचा डाग दिसला. हा कायदा १९७१ साली असता तर, असे मी किती वेळा मनात म्हटले असेल. माझ्या १९९८ च्या लेखाला यापुढे काही अर्थ उरत असेल तर तो तेवढ्यापुरता. त्याच कायद्यात प्रार्थना, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, इजा न करणारे धार्मिक विधी वगळलेले आहेत, हे विरोध करणाऱ्यांनी कधी नीट वाचले नाही.

गुरुचरित्रातले गुरूही पिशाचाला शिक्षेची धमकी देतात, हे मी वर लिहिले. पण तिथे पिशाच आणि बाई ही दोन वेगळी शरीरे आहेत, आणि मार पडायचाच तर तो पिशाचाला पडणार. देवऋषाच्या समोर दोघांचे शरीर एकच असते. तो म्हणतो मी भुताला मारतो, आणि कातडी बाईची जळते. विचारणाऱ्याची जागा मारणाऱ्याने केव्हा घेतली, याचा नीट इतिहास कुणी लिहिलेला नाही. माझा तर्क असा की विचारायला वेळ लागतो. गाणगापूरला पहिले नऊ दिवस काहीच झाले नव्हते, दहाव्या दिवशी “थोडी घुमली”. घरचे तिथे बसून होते. देवऋषी एका रात्रीत मोकळा होतो, आणि घरचेही. शिवाय देवऋषाने सासऱ्यांना काही विचारले नाही. त्यांनीच त्याला पैसे दिले होते.

दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एर्वाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. त्यानंतर देशभर अशा ठिकाणांवर तपासण्या आणि बंदी आली, ती यायलाच हवी होती. पण पुण्याच्या भार्गवी दवर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांविषयी लिहिताना दाखवून दिले की साखळी आणि दर्गा या एकच गोष्टी नव्हेत. पुष्कळ बायका तिथे येत त्या आपला आघात कुठेतरी सांगता यावा म्हणून. साखळी काढली हे योग्य झाले. सांगायची जागा कुठे आहे, हा प्रश्न तालुक्याच्या गावी आजही आहेच. आमच्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर लोक सांगलीला किंवा कोल्हापूरला जातात, आणि परगावी जातात म्हणूनच जातात.

आत्तीला नंतर दोन मुलगे झाले. ती पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कधीकधी दोन-दोन दिवस गप्प असे, आणि विहिरीचे पाणी तिने मरेपर्यंत स्वतः शेंदले नाही. पण ती हसत असे, भांडत असे, आणि मुलांना ताप आला की कुणाला न विचारता गाडी जुंपायला सांगत असे. सासऱ्यांनी एकदाही अडवले नाही.

गेल्या सर्वपित्रीला मी तिच्या थोरल्या मुलाकडे होतो. ओसरीवर पितरांची पाने मांडली होती. त्यांच्यापासून थोडे बाजूला एक पान होते, त्यावर हिरव्या बांगड्यांचा जोड. शेजारी आत्तीचे पान. माझ्या आत्तेभावाची सून नवीन, तिने विचारले, “मामंजी, त्या थोरल्या आजींचं नाव काय होतं?” त्याला माहीत नव्हते. माझ्याकडे पाहिले, मलाही माहीत नव्हते. वहीत सगळीकडे ‘थोरली’ एवढेच आहे. टाक देव्हाऱ्यातून काढून उलटा करून पाहिला, सोनाराने मागे काही कोरलेले नाही. जी पाने चिकटली आहेत त्यांत असेल कदाचित. कोल्हापुरात जुने कागद ओलावा देऊन सुटे करणारे एक गृहस्थ आहेत, दिवाळीनंतर त्यांच्याकडे वही घेऊन जायचे ठरवले आहे.